जुन्या जिनांत पुन्हा माल भरा

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावात जुनं जीन, म्हणजे कापसातून सरकी (बी) काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना, पाडलं जातं तेव्हा त्याची बातमी होत नाही. जाहिरात मात्र होते. ‘एन.ए. प्लॉट, बसस्टँडपासून पाच मिनिटांवर, बँक कर्जाची सोय.’ चौकातल्या फ्लेक्सवर ले-आउटचा नकाशा, वर पुढाऱ्यांचे हसरे फोटो आणि फ्लेक्सच्या मागे जेसीबी. बघता बघता गावाच्या ऐन मध्यावरची काही एकर जागा सपाट होते. विटा ट्रॅक्टरने जातात, सागवानी फाटे फर्निचरवाल्याकडे, बिडाचे खांब भंगारात. व्हॉट्सॲपवर दोन दिवस जुने फोटो फिरतात, ‘आपल्या गावचं वैभव’ वगैरे, आणि विषय संपतो.

मला यातलं काहीच पटत नाही. जेसीबी नाही, आणि ती दोन दिवसांची हळहळही नाही. वैभव कोणाचं होतं, हा प्रश्न हळहळणारे विचारत नाहीत. आणि पाडणारे तर कुठलाच प्रश्न विचारत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की या इमारती ज्या शेतमालासाठी बांधल्या, तो माल पुन्हा त्यांत भरला तरच त्या टिकतील. तारेचं कुंपण, निळी पाटी आणि फीत कापण्याचा समारंभ यांनी त्या टिकणार नाहीत. शिवाय आमच्या गावांना आज संग्रहालयापेक्षा गोदामाची गरज कितीतरी जास्त आहे.

ही जिनं मुळात आली कशी ते आधी सांगायला हवं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि साहेबाची नजर आमच्या काळ्या जमिनीवर खिळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा जेमतेम आठ मैलांचा फाटा सुरू झाला, त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय येतो, तो गावाच्या प्रेमापोटी नव्हे. खामगावचा कापूस बाजार तेव्हा देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जायचा.

आता हिशेब बघा. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण ३३-३४ किलो, बाकी बहुतेक सरकी. सरकीसकट कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत न्यायचा म्हणजे दोन तृतीयांश भाडं सरकीचंच. आणि रुई नुसती कोंबून नेली तर वाघिणीत हवाच जास्त जाते. म्हणून जिथे रेल्वे, तिथे जीन. आणि जिनाला लागून रुई दाबून गठाणी बांधणारा प्रेस. खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, हिंगणघाट अशी रांगच लागली. पुढे १९०३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज आली, जिला लोक शकुंतला म्हणतात, आणि कारंजा, दारव्हा इकडचा कापूसही रुळावर आला. रॅली ब्रदर्स, स्वित्झर्लंडचे फोलकार्ट, नंतर जपानी कंपन्या, शिवाय मारवाडी, कच्छी, पारशी पेढ्या, सगळ्यांनी इथे पैसा ओतला. अमरावतीत आजही लोक रॅलीज प्लॉटमध्ये घरं भाड्याने शोधतात.

बाजाराला नियम लावायची सुरुवातही इथलीच. कारंजा लाडचा कापूस बाजार १८८६ मध्ये सरकारी हुकुमाने नियंत्रित झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा वेगळा कायदा आला. देशातल्या सगळ्या बाजार समित्यांचा वंश तिथपर्यंत जातो. आता गंमत अशी की या बाजारांच्या समित्यांवर भरणा व्यापाऱ्यांचा होता, शेतकऱ्याला खुर्ची नव्हती. म्हणजे वजनकाट्याभोवती नियम आले, पण काट्याशेजारी बसणारे तेच राहिले.

आमच्या तालुक्याच्या गावात असं एक जीन अजून उभं आहे. म्हणजे अर्धं उभं आहे. त्याच्या प्रेसच्या इमारतीत शिरलं की पहिल्यांदा लक्षात येते ती उंची. बाहेरून एक मजली वाटणारी ती वास्तू आत दोन मजली आणि खाली खड्डा अशी आहे. वरच्या मजल्यावरून रुई पेटीत टाकायची, माणसांनी पायांनी तुडवायची, खालून दाब द्यायचा आणि मधल्या मजल्यावर गठाण बाहेर काढून लोखंडी पट्ट्यांनी आवळायची. कामाचा जो क्रम, तोच इमारतीचा आराखडा. नक्षी म्हणून काही नाही, फक्त खिडक्यांच्या कमानी विटा उभ्या लावून नेटक्या केल्या आहेत आणि छताखाली एक ओळ दात पुढे काढल्यासारखी. रेच्यांची, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांची, इमारत यापासून सुटी, मध्ये मोकळी जागा. गोदामं आणखी सुटी. दारं लोखंडी पत्र्याची. रुईला ठिणगी लागली तर काय होतं हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. एक खोली जळाली तरी दुसरी वाचावी म्हणून हात-हात जाड भिंती आणि एवढं अंतर.

गोदामाचा ओटा जमिनीपासून बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, उंचीचा आहे. बंडी मागे लावली की माल सरळ ओट्यावर ओढायचा, उचलायचा नाही. आज त्याच ओट्याला ट्रॅक्टरची ट्रॉली लावून पाहा, फार फरक पडत नाही. भिंतीला हात लावला तर विटेचा भुगा बोटांना लागतो, पण तो खालच्या तीन-चार फुटांतच. वरची वीट अजून टणक आहे. ते का, ते पुढे सांगतो.

जिनांबद्दल लिहिताना काही जण फार भाबडे होतात. भोंग्यावर गाव उठायचं, दिवाळीनंतर बंड्यांच्या रांगा लागायच्या, बैलांच्या घुंगरांनी रात्र भरून जायची. खरं आहे ते. पण भोंगा कोणासाठी वाजायचा? १८८१ चा देशातला पहिला फॅक्टरी कायदा आला, तेव्हा वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिनं हंगामी. रेच्यावर कापूस घालणाऱ्या बहुतेक बाया. म्हणजे ज्यांना कायद्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच तो लागू नव्हता. पुढे कायदे सुधारले, नाकातोंडात जाणारी रुई तशीच राहिली. माझ्या ओळखीच्या एका आजीने तरुणपणी जिनावर काम केलं आहे. तिला मी हा विषय काढला तर म्हणाली, “कायची इमारत न् कायचं काय बाप्पा! रातभर खोकला राहे. ठेवा नाही त पाडा, मले काय त्याचं?”

मालकांचंही एक सांगायला हवं. जिनं इतकी झाली की सगळ्यांना पुरेल एवढा कापूसच उरला नाही. मग मालकांनी ‘पूल’ केले, म्हणजे आपसात संगनमत केलं. काही जिनं चालवायची, काही मुद्दाम बंद ठेवायची आणि नफा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. बंद जिनालाही वाटा मिळायचा. त्याची किंमत जिनाई, म्हणजे सरकी काढण्याची मजुरी, वाढवून शेवटी शेतकऱ्याकडूनच वसूल व्हायची. तेव्हा आज जे ‘वैभव’ आपण फोटोत पाहतो, त्यातली काही धुराडी उभी राहिली ती धूर न काढण्याचे पैसे मिळावेत म्हणून.

एवढं सगळं माहीत असताना ही इमारत ठेवा कशाला, असं कोणी विचारेल. आजीने तर विचारलंच. माझं उत्तर असं की ती इमारत व्यापाऱ्याच्या पैशाने बांधली, पण तो पैसा आमच्याच शिवारातून गेला. जिनाई, तूट, कडता, अडत, हमाली, धर्मादाय असं कापत कापत जे उरायचं ते घेऊन शेतकरी परत जायचा. त्या कापलेल्या पैशाच्या या विटा आहेत. त्या विकून पुन्हा दुसऱ्याच कोणी प्लॉटचे पैसे करायचे, यात शेतकऱ्याच्या पदरात दुसऱ्यांदा काहीच पडत नाही. माझा जीव इमारतीपेक्षा या हिशेबात जास्त अडकला आहे, हे कबूल.

जिनं बंद का पडली, याचं ‘काळ बदलला’ असं सोपं उत्तर लोक देतात. काळ आपोआप बदलत नाही, धोरणं बदलतात. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक सक्तीचा केला, सरकीसकट कापूस आत येण्याची आणि रुई बाहेर जाण्याची वाट वेगळी असावी असं सांगितलं. तेवढ्याने कोणी बुडालं नाही. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. पणन महासंघ कापूस घेणार, आणि खासगी जिनं त्याचं काम मजुरीवर करणार. मालकाला कापसात नफा-तोटा उरला नाही, त्यामुळे यंत्रात आणि छपरात पैसा घालायचं कारणही उरलं नाही. एकाधिकार मोडीत निघाला तोवर बरीच जिनं आतून पोखरलेली होती. २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं. जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागलं. हे चांगलंच झालं. रुईतला कचरा कमी झाला, १७० किलोची एकसारखी गठाण होऊ लागली. पण त्यासाठी लागणारी नवी यंत्रं, आपोआप कापूस ओढणाऱ्या नळ्या, मोठे पत्र्याचे शेड, सगळं गावाबाहेर हायवेला सोयीचं. सीसीआयची, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाची, खरेदीही आता अशाच जिनांवर होते. गावातली विटांची जिनं एका पिढीत निरुपयोगी ठरली आणि जमीन मात्र सोन्याच्या भावाची झाली.

वारसा म्हणून ती वाचवता येतील का? कागदावर येतील. १९५८ चा केंद्राचा पुरातन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांची अट घालतो, आणि बरीच जिनं ती अट आरामात पार करतात. पण तो कायदा राष्ट्रीय महत्त्व मागतो, आणि दर्यापूर किंवा दारव्ह्याच्या जिनाला ते दिल्लीहून कोण देणार? राज्याचा १९६० चा कायदा आहे, पण त्याची यादी किल्ले, मंदिरं, लेणी यांनी भरलेली असते. उरतो तिसरा रस्ता, स्थानिक वारसा यादीचा. मुंबईत १९९५ पासून तशी नियमावली आहे, आणि २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीतही वारसा इमारतींचं प्रकरण आहे. नगर परिषदेने यादी करावी, समिती नेमावी, श्रेणी ठरवावी. मुंबईत मालकाला त्याच्या बदल्यात टीडीआर मिळतो, म्हणजे इथे बांधता येत नाही तर तो हक्क दुसरीकडे विकता येतो. आता मला सांगा, आमच्या तालुक्यात टीडीआर कोण विकत घेणार? गावात चार मजल्यांची परवानगी मिळते, ती वापरायला कोणी तयार नाही. भरपाईचं हे यंत्र मोठ्या शहराच्या जमिनीच्या भावावर चालतं. छोट्या गावात ते फिरतच नाही. मग उरतो फक्त निर्बंध, आणि मालकाला तो कळला की यादी जाहीर व्हायच्या आदल्या आठवड्यात छत ‘आपोआप’ कोसळतं.

नागपूरसारख्या शहरातही काय झालं ते समोर आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली एम्प्रेस मिल मध्य भारतातल्या उद्योगाची गंगोत्री म्हणावी अशी. आज तिच्या जागेवर मॉल आणि फ्लॅट आहेत. जिथे अभ्यासक आहेत, वर्तमानपत्रं आहेत, हायकोर्टाचं खंडपीठ आहे, तिथे हे झालं. तालुक्याच्या गावात एका शिक्षकाने निवेदन देऊन जीन वाचेल, असं मला वाटत नाही.

मग संग्रहालय? कल्पना गोड आहे. कलेक्टर साहेब येतील, जुना रेचा रंगवून ठेवतील, भिंतीवर फ्लेक्स लागतील, सहा महिन्यांनी चौकीदाराचा पगार थांबेल आणि वर्षभरात तिथे पत्ते खेळले जातील. मी विरोधासाठी विरोध करत नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते सुरू झालं आणि आजही जिवंत आहे. पण ते जिवंत का आहे? कारण तिथे नुसते चरखे मांडून ठेवलेले नाहीत. खादी, रंगाई, ग्रामोद्योग यांचं काम चालतं, विक्री होते, बाया कामाला येतात.

आता गोदामाकडे येतो. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चपर्यंत किती घरांत कापूस पडलेला असतो, ते शहरातल्या वाचकाला कदाचित माहीत नसेल. भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस विकत नाही, आणि ठेवायला दुसरी जागा नाही. मग माजघरात गंजी, पडवीत गंजी, कधी झोपायच्या खोलीत. त्यातून अंगाला खाज सुटते, पोरांच्या अंगावर लाल चट्टे उठतात, सरकारी दवाखान्यात मलम मिळतं आणि कापूस तिथेच राहतो. स्वयंपाकाची चूल आणि वीस क्विंटल कापूस यांच्यामध्ये कुडाची भिंत, असंही मी पाहिलं आहे.

सोयाबीनचं तर आणखी वाईट. ते दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर निघतं, उधारी डोक्यावर असते, आणि सगळ्यांनी एकदम बाजारात नेल्यावर भाव पडतो. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि हंगामात बाजारात त्याच्या बरंच खाली सौदे झाले. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, सहा महिन्यांची मुदत, वर्षाला ६ टक्के व्याज. सोयाबीन, तूर, हरभरा यांना ती लागू आहे. सावकाराच्या तुलनेत ही योजना म्हणजे वरदान. तरी तिचा फायदा मोजकेच का घेतात? बाजार समितीत जाऊन विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, “गोदाम फुल्ल आहे, भाऊ.” आणि गोदाम भरलेलं असतं ते पुष्कळदा व्यापाऱ्याच्या मालाने.

तिथून हाकेच्या अंतरावर रिकामं जीन असतं. जाड भिंतींची, उंच छताची, फरशी घातलेली, आगीच्या विचाराने सुटी सुटी बांधलेली गोदामं असतात. ओटा बंडीच्या उंचीचा. आवारात काटा बसवायला जागा. दुपारी मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही, तिथे या विटांच्या खोलीत उन्हाची झळ कमी पोचते. साठवलेल्या दाण्याला नेमकं तेच हवं. एकीकडे सरकार नव्या गोदामांसाठी योजना आणतं, २०२० पासून कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत देतं, आणि दुसरीकडे बांधून तयार असलेलं गोदाम जेसीबीने पाडलं जातं. अशा योजनांचा रोख नव्या बांधकामाकडे असतो, कारण नव्या बांधकामाचं अंदाजपत्रक सोपं, ठेकेदार तयार आणि कोनशिला बसवायला भिंत मिळते. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला तेवढीच सवलत स्पष्ट शब्दांत दिली, तर अर्धं काम झालं.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, गावातल्या अरुंद रस्त्यातून मोठे ट्रक आत येत नाहीत. नाहीच येत. म्हणून मी व्यापाऱ्याच्या मालाचं बोलत नाही. दहा-वीस क्विंटल घेऊन ट्रॅक्टरने येणारा शेतकरी, किंवा पाच-सहा गावांची मिळून शेतकरी उत्पादक कंपनी, एवढ्यापुरतंच हे आहे. दुसरा आक्षेप, कापूस ठेवणार का? सुटा कापूस फार जागा खातो, आग लवकर पकडतो, आणि तारण योजनेत तो नाही. तेव्हा सुरुवात सोयाबीन, तूर, हरभऱ्याने करावी. कापसासाठी एक सुटी इमारत राखावी, पाण्याची टाकी आणि विमा यांची सोय झाल्यावरच. घरातल्या चुलीजवळच्या कापसापेक्षा तो तिथे निश्चित सुरक्षित राहील. कापसाला तारणात घ्या, ही मागणीही मग जोर धरू शकते. आज ती केली तर ‘ठेवायचा कुठे’ या एका प्रश्नावर फाइल बंद होते.

दुरुस्तीबद्दल मात्र सावध राहायला हवं, कारण चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीच या इमारती लवकर मारते. मघाशी विटेच्या भुग्याचं सांगितलं. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा पूर्णेकाठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीतलं खारं पाणी विटेतून वर चढतं, पाणी उडून जातं, मीठ विटेत राहतं आणि वीट फुगून झडते. यालाच लोणा लागणं म्हणतात. जुन्या भिंतींत चुन्याची जोडणी असते. चुना ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर ठेकेदार सिमेंटचा गिलावा चढवतो, भिंत दोन वर्षं नवी दिसते. आत कोंडलेली ओल मग आणखी वर चढते आणि गिलाव्यामागची वीट पिठासारखी होते. तीच गोष्ट पायाची. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चुन्याची भिंत थोडी हलते, सामावून घेते. मध्येच ओतलेला सिमेंटचा कडक पट्टा तिला तडे पाडतो. तेव्हा खालचे तीन-चार फूट मोकळे ठेवा, खराब विटा काढून चुन्यातच नव्या बसवा, आणि सगळ्यात आधी छप्पर व पागोळीचं पाणी बघा. चुन्याचं काम जाणणारे मिस्त्री थोडे राहिलेत, पण मंदिरांच्या कामावर ते अजून भेटतात. सार्वजनिक बांधकामच्या दरसूचीत बसत नाही म्हणून त्यांना कामच मिळत नाही, ही खरी अडचण.

सगळीच जिनं ठेवा असं मी म्हणत नाही. एका गावात चार असतील तर एक ठेवा, ज्याचं प्रेस, रेचाघर आणि धुराडं एकत्र शाबूत आहे ते. बाकीची पाडली तरी मला फार दुःख नाही. नंतर जोडलेले पत्र्याचे शेड तर खुशाल काढा. पण पाडण्याआधी मोजमाप घेऊन नकाशे करा. अमरावती, नागपूरच्या वास्तुशास्त्राच्या मुलांना दरवर्षी असा काहीतरी प्रकल्प करावाच लागतो. त्यांना इकडे पाठवा. आणि कागद! पेढीवरच्या खतावण्या, रोजमेळ, बायांचे हजेरीपट, गठाणींची नोंदवही, हे सगळं रद्दीत किलोवर जातं. कोणत्या वर्षी कापूस कोणत्या भावाने घेतला, तूट किती कापली, कोणत्या बाईला किती दिवसांची मजुरी मिळाली, हे त्या वह्यांशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. एखादं जीन पडलं तरी चालेल, त्याची हजेरीवही जाऊ नये. अभ्यासकाला त्या आजीचं नाव कुठे सापडलंच तर तिथेच सापडेल.

राहिला मालक. त्याला खलनायक करून काही साधत नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीत वाटण्या झालेल्या, कोणी पुण्यात, कोणी अमेरिकेत, सात-बारावर किंवा पट्ट्यावर पंधरा नावं, दरवर्षी मालमत्ता कर येतो आणि उत्पन्न शून्य. प्लॉटवाला रोख रक्कम घेऊन उभा असतो. अशा मालकाला ‘वारसा जपा’ म्हणून सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणं झालं. त्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. गोदाम म्हणून वापर सुरू असेपर्यंत नगर परिषदेने मालमत्ता कर माफ करावा किंवा नाममात्र ठेवावा. आवारातला रस्त्याकडचा भाग दुकानगाळ्यांसाठी बांधू द्यावा. मला त्यात काही गैर वाटत नाही, जिनाच्या तोंडाशी पूर्वीही अडत्यांच्या गाद्या असायच्याच. आणि भाडं ठरलेल्या तारखेला मिळावं. बाजार समित्या भाडं थकवतात, हे मालकांना पक्कं ठाऊक असतं.

ज्या जिनांची जागा नझूलची, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेली आहे, तिथे तर सरकारच्या हातात दोर आहे. विदर्भात नझूलच्या पट्ट्यांचं नूतनीकरण आणि ते फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचे, करून देण्याच्या सवलती हा गेली काही वर्षं सारखा चालू असलेला विषय. त्यासाठी मालक तहसीलपासून मंत्रालयापर्यंत खेटे घालतात. त्या आदेशात एक ओळ घालायची: शंभर वर्षांवरची विटांची मूळ इमारत पंधरा वर्षं पाडता येणार नाही आणि शेतमाल साठवणुकीसाठी मागितली तर वाजवी भाड्याने द्यावी लागेल. नवा कायदा लागत नाही. नवी समितीही लागत नाही, जी नेमली की तिची पहिली बैठक होईपर्यंत छप्पर गेलेलं असतं.

सुरुवात बाजार समितीच्या संचालकांनी करायची आहे. मासिक सभेत ठराव, मालकांशी अकरा महिन्यांचा नव्हे तर पंधरा वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार, तारण योजनेतून येणारं साठवणुकीचं शुल्क त्या भाड्याला बांधून ठेवणं, आणि आवारात एक चौकीदार. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये येतं. छपराचं काम मृग लागायच्या आत व्हायला हवं, म्हणजे ठराव होळीच्या आसपास मांडला तरच यंदाचा माल आत जाईल.